कुठे लिहिलंय?

बरेच दिवस एक गोष्ट लिहायची राहून गेलीय. दर शनिवारी चहाचा कप घेऊन बसतो, चार ओळी लिहितो आणि खोडून टाकतो. गोष्ट कर्नलमधल्या मेमरीची आहे, पण ती सांगायची तर मी तेव्हा कसा वागलो तेही सांगावं लागतं. तिथेच गाडी अडते. आज सकाळपासून पाऊस लागून राहिलाय, बायको माहेरी गेलीय, बाहेर पडायला कारण नाही. म्हटलं, आज लिहूनच टाकू.

पॉइंटर हा शब्द ऐकून ज्यांना इंजिनिअरिंगची व्हायवा आठवते आणि पोटात गोळा येतो, त्यांनी घाबरू नये. खाली कोडची एक ओळसुद्धा नाही.

तर झालं असं. २०१८ साली इंजिनिअरिंग संपवून मी पुण्यात नोकरीला लागलो. आमची टीम एका स्टोरेज कार्डसाठी लिनक्सचा ड्रायव्हर लिहायची. वर्षभर इकडचे तिकडचे बग फिक्स केल्यावर २०१९ मध्ये मला पहिलं 'स्वतःचं' काम मिळालं. कार्डाकडून माहितीचे छोटे छोटे तुकडे वाचायचे, एका वेळी ५१२ बाइट. हा ५१२ चा आकडा हवेतून आलेला नाही. डिस्कचा सेक्टर वर्षानुवर्षं तेवढाच असायचा, त्यामुळे स्टोरेजच्या दुनियेत तो सगळीकडे भेटतो.

आता ड्रायव्हरला हे ५१२ बाइट ठेवायला जागा पाहिजे. आपला साधा प्रोग्रॅम मॅलॉककडे जागा मागतो, तसं कर्नलच्या आत केमॅलॉककडे मागायची. किती बाइट पाहिजेत ते सांगायचं, तो एक पत्ता देतो. तो पत्ता आपण कार्डाला द्यायचा. कार्ड मग प्रोसेसरला मध्ये न घेता थेट त्या पत्त्यावर डेटा लिहून मोकळं होतं. ह्याला म्हणतात डीएमए. झकास व्यवस्था आहे, फक्त एक अट. आमच्या कार्डाला पत्ता ५१२ च्या पटीतलाच लागायचा. ह्यालाच अलाइनमेंट म्हणतात. पत्ता पटीत नसेल तर कार्ड तक्रार करायचं नाही. ते पत्त्याचे शेवटचे नऊ बिट बघायचंच नाही (दोनाचा नववा घात म्हणजे ५१२), ते शून्यच आहेत असं गृहीत धरायचं.

समजा तुमच्या सोसायटीतला कुरियरवाला फक्त मजला वाचतो, फ्लॅट नंबर वाचतच नाही. प्रत्येक पार्सल तो त्या मजल्यावरच्या पहिल्या दारात ठेवून जातो. तुम्ही पहिल्याच फ्लॅटमध्ये राहत असाल तर ह्या माणसाला नंबर वाचता येत नाही हे तुम्हाला आयुष्यभर कळणार नाही. पार्सल रोज बरोबर मिळतंय ना, मग झालं तर!

ही अट मला माहीत होती का? होती. हार्डवेअरच्या मॅन्युअलमध्ये ठळक अक्षरांत होती. मग मी केमॅलॉककडे तसा पत्ता मागितला का? तर नाही. त्याच्याकडे अलाइनमेंट मागायची सोयच नाही, त्याला फक्त साइज सांगता येतो. मी काय केलं, तर वीस-पंचवीस वेळा जागा मागून पत्ते छापून बघितले. सगळे ५१२ च्या पटीत. म्हटलं, आपोआपच येतायत की! कोड चेक-इन केला आणि कँटीनमध्ये वडापाव खायला गेलो.

ते आपोआप का येत होते हे समजून घेण्यासारखं आहे. कर्नल मेमरी पानांमध्ये मोजतो, आपल्या नेहमीच्या इंटेल मशीनवर एक पान ४०९६ बाइटचं. पण बहुतेकांना एवढी जागा नको असते. म्हणून पानाचे ठराविक मापाचे कप्पे पाडून ठेवलेले असतात, बर्फाच्या ट्रेसारखे. ८, १६, ३२, ६४, ९६, १२८, १९२, २५६, ५१२ वगैरे मापं ठरलेली. तुम्ही ५०० बाइट मागितले तर ५१२ चा कप्पा मिळतो. ही कल्पना जेफ बॉनविक ह्यांनी सनच्या सोलारिससाठी बसवली आणि १९९४ साली तिच्यावर पेपर लिहिला. नाव दिलं स्लॅब. (घरी आईला फोनवर एकदा म्हटलं होतं, "सध्या स्लॅबवर काम चालू आहे." तिला वाटलं, पोरानं फ्लॅट बुक केला.) लिनक्समध्ये मग ह्याचे तीन अवतार झाले. जुना स्लॅब, नंतरचा स्लब आणि अगदी छोट्या मशिनींसाठी स्लॉब. आमच्याकडे होता स्लब.

आता ४०९६ ला ५१२ ने भागा. आठ, बाकी शून्य. पान स्वतः ४०९६ च्या पटीत सुरू होतं, पहिला कप्पा पानाच्या सुरुवातीला, पुढचे त्याला चिकटून. म्हणजे प्रत्येक कप्पा ५१२ च्या पटीत येणारच. हे कुणी माझ्या कार्डासाठी केलेलं नव्हतं. भागाकार पूर्ण जातो म्हणून तसं व्हायचं, इतकंच. मी मात्र त्या भागाकाराच्या भरवशावर तीन वर्षं निवांत झोपलो.

२०२२ चा पावसाळा. एका कस्टमरकडे महिन्या-दीड महिन्यातून एकदा मशीन पडायचं. मेमरीत कुठेतरी भलतंच काही लिहिलं जातंय एवढं कळत होतं, कोण लिहितंय ते कळत नव्हतं. टीममध्ये तेव्हा एक मुलगी नवीन आली होती, कॉलेजमधून थेट. मी चार वर्षांच्या अनुभवाचा 'सीनियर'. (आयटीत चार वर्षांत माणूस सीनियर होतो, ह्यावर कधीतरी वेगळं लिहीन.) तिला काम दिलं होतं की कर्नलचं डिबग चालू करून चोर पकड.

स्लबमध्ये ह्यासाठी मस्त सोय आहे. मशीन सुरू करताना एक ऑप्शन दिला की तो प्रत्येक कप्प्याच्या अलीकडे-पलीकडे एक छोटी पट्टी सोडतो आणि तिच्यात ठराविक खूण भरून ठेवतो. रात्री शेताच्या बांधावर राख पसरावी आणि सकाळी पाऊल उमटलंय का बघावं, तसं. खूण बिघडलेली दिसली की कर्नल बोंब मारतो, 'रेडझोन ओव्हररिटन', आणि कुणाच्या कप्प्याशेजारी गडबड झाली तेही सांगतो.

तिनं ऑप्शन चालू केला. दहा मिनिटांत मशीन आडवं. जिथे महिन्यातून एकदा पडायचं तिथे दहा मिनिटांत, आणि प्रत्येक वेळी. लॉगमध्ये बोंबच बोंब. वर कार्डाकडून वाचलेली माहितीही चुकीची, सुरुवातीचे काही बाइट गायब.

दुसऱ्या दिवशी मीटिंग. मॅनेजर, मी, ती, टेस्टिंगची दोन माणसं आणि स्क्रीनवर कस्टमरकडचे तिघे. मॅनेजरनं विचारलं, "हे काय आहे?" ती सांगायला लागली आणि मी तिला मध्येच तोडलं. काय बोललो ते शब्दशः आठवतंय. म्हटलं, "ड्रायव्हर तीन वर्षं फील्डमध्ये चालतोय. डिबग चालू केलं की पडतो, बंद केलं की चालतो. म्हणजे डिबगचा सेटअप चुकलाय. टूल नीट न समजता वापरलं की असंच होतं."

ती काही बोलली नाही. वहीत काहीतरी लिहीत राहिली. कस्टमरकडच्या एकानं मान डोलावली. डिबग बंद करायचं ठरलं आणि आम्ही दोन आठवडे भलतीकडेच चोर शोधत बसलो.

आता मागे वळून बघताना त्या वाक्याची लाज वाटते ती ते चुकीचं होतं म्हणून नाही. चुकतं माणूस. लाज ह्याची वाटते की मी एकही पत्ता छापून न बघता बोललो होतो. 'तीन वर्षं चालतोय' हा माझा एकमेव पुरावा होता, आणि तो मी ज्याला उलट उत्तर देता येणार नाही अशा माणसावर वापरला.

दोन आठवड्यांनी रविवारी रात्री साडेअकराला तिचा मेल आला. फक्त मला, मॅनेजरला सीसी नाही. विषय कोरा. आत वीस पत्त्यांची यादी, डिबग चालू असतानाची. पहिलाच पत्ता ५१२ च्या पटीपेक्षा आठ बाइट पुढे. बाकीचे त्याहून वाईट. खाली एकच ओळ : "सर, केमॅलॉक ५१२ च्या पटीतलाच पत्ता देतो असं कुठे लिहिलंय? मला सापडलं नाही."

बघितल्याबरोबर सगळं लख्ख झालं. डिबगनं कप्प्याच्या आधी आठ बाइटची पट्टी घातली, कप्पा आठ बाइट पुढे सरकला. मागच्या बाजूलाही पट्टी आणि इतर नोंदी, त्यामुळे पुढचे कप्पे आणखी भलतीकडे. आता पूर्ण भाग जात नव्हता. आणि आमचा कुरियरवाला नेहमीप्रमाणे फ्लॅट नंबर न वाचता पार्सल मजल्याच्या पहिल्या दारात टाकत होता. पहिल्या बफरच्या बाबतीत ते आठ बाइट आधी पडून राखेवर पाऊल उमटायचं, बाकीच्यांच्या बाबतीत थेट शेजाऱ्याच्या घरात. डिबगचा सेटअप अगदी बरोबर होता. माझ्याच ड्रायव्हरवर तो बोट दाखवत होता, आणि मी त्या बोटालाच नावं ठेवली होती.

तरी खरं सांगतो, पहिला विचार आला तो तिला खोडून काढायचा. म्हटलं, लिहिलेलं असणारच, हिला शोधता आलं नसेल. रात्री दीडपर्यंत शोधत बसलो. आमचा कर्नल होता ४.१९, म्हणजे २०१८ चा. त्यात एवढंच मिळालं की केमॅलॉकचा पत्ता त्या त्या प्रोसेसरसाठी ठरलेल्या किमान पटीत असतो. आमच्या मशीनवर ती किमान पट होती आठ. ५१२ नाही, आठ! आठ बाइट पुढे सरकलेला पत्ता देऊन केमॅलॉकनं आपला शब्द अगदी तंतोतंत पाळला होता. मला ५१२ चा शब्द त्यानं कधी दिलेलाच नव्हता.

त्या रात्री एकदम कॉलेजची बस आठवली.

आमचं गाव सांगली जिल्ह्यात, हायवेपासून थोडं आत. कॉलेजची बस सकाळी ७:१० ला आमच्या फाट्यावरून जायची. ड्रायव्हरमामा आम्ही दोघं-तिघं उभे दिसलो की थांबायचे. तीन वर्षं एकदाही चुकलं नाही. तिसऱ्या वर्षी ऐन प्रॅक्टिकलच्या दिवशी मामा रजेवर आणि बदली ड्रायव्हर. मी हात केला, तो समोर बघत निघून गेला. मी धापा टाकत, दोन गाड्या बदलून कॉलेजात पोचलो तेव्हा प्रॅक्टिकल अर्धं झालेलं. तावातावानं ट्रान्सपोर्टच्या क्लार्ककडे गेलो. त्यानं शांतपणे फाईल काढली, स्टॉपची छापील यादी समोर ठेवली. आमचा फाटा त्यात नव्हताच. म्हणाला, "थांबत होता तो मामांचा चांगुलपणा. स्टॉप नाही तो."

घरी बाबांना सांगितलं. मला वाटलं, चिडतील, कॉलेजात येऊन भांडतील. ते म्हणाले, "मग अर्ज दे आणि यादीत नाव घालून घे." दिला. पुढच्या टर्मला यादीत फाटा आला. मामा थांबायचे तसेच थांबत राहिले, वरवर बघता काहीच बदललं नाही. पण त्यानंतर बदली ड्रायव्हर आला की माझ्या छातीत धडधडायचं नाही.

एवढा धडा विशीत शिकूनसुद्धा मी ड्रायव्हर लिहिताना फाट्यावर हात करून उभा राहिलो होतो. पुन्हा बस थांबली नाही म्हणून नवीन पोरीवर ओरडलो होतो.

शोधता शोधता आणखी एक कळलं, आणि त्यानं जरा जिवात जीव आला. ही चूक करणारा मी एकटा नव्हतो, आणि बाकीचे माझ्यापेक्षा फार फार मोठे लोक होते. एक्सएफएस ही फाइल सिस्टिम पानापेक्षा छोटे बफर केमॅलॉकनंच घ्यायची. एरवी सगळं ठीक, पण डिबग चालू केलं की ते बफर पटीतून सरकायचे आणि खालच्या ज्या डिव्हाइसना ५१२ ची पट लागते ती अडचणीत यायची. २०१९ मध्ये बीटीआरएफएसमध्ये पॉवरपीसी मशीनवर असंच झालं. केमॅलॉककडून पूर्ण पानाएवढी जागा घेतली होती, ती पानाच्या सुरुवातीला असेल असं धरून पान कॉपी करणारा कोड चालला, आणि डिबग चालू असल्यामुळे ती तिथे नव्हती. परिणाम तोच, मेमरीची नासाडी. म्हणजे जगातले उत्तम कर्नल प्रोग्रॅमर त्याच फाट्यावर हात करून उभे होते!

मग लिनक्सवाल्यांनी काय केलं? २०१९ च्या एप्रिल-मे मध्ये पोर्टो रिकोतल्या सान हुआनला स्टोरेज, फाइल सिस्टिम आणि मेमरीवाल्या कर्नल डेव्हलपरांची परिषद झाली. तिथे व्लास्तिमिल बाबका ह्यांनी हाच विषय मांडला. मार्ग दोन. एक, सगळ्यांना सांगायचं की तुम्ही चुकताय, आपापला कोड सुधारा. दुसरा, लोक ज्यावर विसंबून आहेतच त्याचा रीतसर शब्द द्यायचा. पहिला मार्ग तत्त्वाला धरून आहे. पण असा कोड किती ठिकाणी पसरलाय हे कुणाला सांगता येणार? आणि तो सापडतो कधी, तर कुणी डिबग चालू करेल तेव्हा. म्हणजे चोर पकडायला गेलेल्याच्या हातात दुसराच चोर. दुसऱ्या मार्गालाही किंमत आहे. एकदा शब्द दिला की स्लबसारख्या अलोकेटरचे हात बांधले जातात. डिबगमध्येही पट पाळायची तर जास्त मेमरी वाया जाते, आणि स्लॉबसारख्या काटकसरी गड्याला तर एकेक बाइट जड.

शेवटी दुसरा मार्ग स्वीकारला गेला. नोव्हेंबर २०१९ मध्ये आलेल्या ५.४ कर्नलपासून शब्द असा, की दोनाच्या घातातला साइज मागितलात, म्हणजे ६४, १२८, ५१२, तर पत्ता किमान तेवढ्याच पटीत मिळेल. डिबग चालू असो वा बंद. आणि हे डॉक्युमेंटेशनमध्ये लिहिलं. रोजच्या वापरात स्लबवर फरक शून्य. पत्ते आधीही तसेच यायचे, नंतरही तसेच. फक्त फाटा यादीत आला.

माझा ड्रायव्हर मात्र ४.१९ वर होता, तिथे यादीत फाटा नव्हता. दुरुस्ती छोटीशीच निघाली. कर्नलमध्ये स्वतःसाठी वेगळी कॅश बनवून घेता येते, तिथे साइजबरोबर अलाइनमेंटही मागता येते. ५१२ चा साइज, ५१२ ची पट, स्पष्ट शब्दांत. ही सोय मी पहिला कोड लिहिला तेव्हाही होती. मी मागितलंच नव्हतं.

सोमवारी सकाळी तिच्या डेस्कवर गेलो आणि म्हटलं, "तुझं बरोबर आहे. चूक माझी आहे. सॉरी." ती म्हणाली, "ठीक आहे सर." दुपारी दुरुस्ती टाकून तिनं डिबग पुन्हा चालू केलं. ह्या वेळी मशीन दहा मिनिटांत पडलं नाही. दोन दिवस चाललं, आणि तिसऱ्या दिवशी डिबगनं खरा चोर पकडला. काम अर्धवट सुटलं तर एक जागा परत केल्यावरही कुणीतरी तिच्यात लिहीत होतं. महिन्यातून एकदा मशीन पाडणारा तो हाच. कोणी लिहिला होता हा कोड? अर्थात मीच :-) म्हणजे एका बगनं दुसऱ्याला तीन वर्षं पाठीशी घातलं होतं, आणि दोन्ही माझेच.

इथे गोष्ट संपायला हवी होती. संपत नाही, म्हणून तर ती लिहायची राहिली.

मी सॉरी म्हटलं ते तिच्या डेस्कजवळ, हळू आवाजात. ज्या खोलीत सहा-सात लोकांसमोर बोललो होतो त्या खोलीत मी काहीच बोललो नाही. पुढच्या मीटिंगमध्ये 'रूट कॉज सापडला, फिक्स दिला' असं सांगितलं. कुणाला सापडला, का वेळ लागला, काही नाही. वाईट हेतू नव्हता हो. मी असं धरून चाललो की सगळ्यांना कळलंच असेल. मॅनेजरला कळलंच असेल. एवढं मोठं काम, आपोआप नोंद होईलच की.

चार महिन्यांनी अप्रेझल झालं. तिनं एकदा जेवताना सहज सांगितलं की तिच्या शेऱ्यात एक ओळ आहे, डिबगिंगची टूल्स वापरताना घाई होते, सुधारणा हवी. घास घशात अडकला. मी मॅनेजरकडे गेलो, त्याला सगळं सांगितलं, मग मेलही लिहिला, तारखांसकट. तो म्हणाला, "अरे, आधी बोलायचंस ना. प्रोसेस क्लोज झाली." खरंच होतं त्याचं. त्याला कुणी सांगितलंच नव्हतं, तर त्याला कुठून कळणार?

पुढच्या महिन्याभरात आमची मोठी टीम मीटिंग होती. तिथे उभं राहून मी सगळं सांगितलं. पत्ते तिनं छापले, प्रश्न तिनं विचारला, आणि मी तिला ह्याच खोलीत चुकीचं ठरवलं होतं. उशीर झाला होता. शेरा बदलला नाही. आणखी काही महिन्यांनी तिनं दुसरीकडे नोकरी धरली. जाताना म्हणाली, ह्याचा आणि त्याचा काही संबंध नाही सर, तिकडे काम आवडलं म्हणून जातेय. मी विश्वास ठेवला. म्हणजे, ठेवायचा असं ठरवलं.

असो.

अलोकेटरचं पुढे काय झालं तेही सांगून टाकतो. २०२३ मध्ये ६.४ कर्नलमधून स्लॉब गेला, २०२४ च्या मार्चमध्ये ६.८ मधून जुना स्लॅबही गेला. उरला एकटा स्लब. पण २०२३ मध्येच आणखी एक बदल झाला, जो मी टीममधल्या नवीन मुलांना मुद्दाम सांगतो. आपल्या फोनमध्ये असतात त्या ६४ बिटच्या आर्म प्रोसेसरवर केमॅलॉकचं किमान माप १२८ बाइटचं असायचं. आठ बाइट मागा, १२८ चा कप्पा मिळायचा. डीएमएमध्ये दोघांचा डेटा एकाच कॅश लाइनमध्ये येऊन घोळ होऊ नये म्हणून ही उधळपट्टी. ६.५ पासून तिथे लहान कप्पे आले, अगदी आठ बाइटपर्यंत. खूप मेमरी वाचली. आणि लहान बफरवर डीएमए करायचा असेल तर गरजेप्रमाणे मधल्या सुरक्षित बफरमधून करायची सोय झाली. आता विचार करा, 'आर्मवर पत्ता नेहमीच १२८ च्या पटीत येतो' असं छापून बघून कुणी वडापाव खायला गेला असेल तर? 'नेहमी येतो' हे वाक्य २०२३ पर्यंत खरं होतं.

आणि उलट दिशेचं उदाहरण २०२४ चं. कर्नलमध्ये रस्ट भाषा आली. रस्टमध्ये जागा मागताना साइजबरोबर अलाइनमेंटही सांगावीच लागते, मोघमपणा चालतच नाही. केमॅलॉकचा शब्द फक्त दोनाच्या घातांपुरता असल्यामुळे रस्टवाल्यांना कधी कधी साइज उगाच फुगवून मागावा लागायचा. म्हणून ६.११ पासून शब्द वाढवला. आता साइजला दोनाच्या ज्या सगळ्यात मोठ्या घातानं भाग जातो, किमान तेवढी पट मिळते. ९६ मागा, ३२ ची पट पक्की. पुन्हा तेच, एका बाजूनं स्पष्ट मागितलं तेव्हा दुसऱ्या बाजूनं स्पष्ट लिहून दिलं.

आता कोड रिव्ह्यूमध्ये मी एकच प्रश्न विचारतो, 'हे कुठे लिहिलंय?' टीममध्ये माझी त्यावरून चेष्टा होते. कुणी म्हणालं आज चहा मी आणतो, की दुसरा लगेच विचारतो, कुठे लिहिलंय? मीही हसतो. तो प्रश्न माझा नाही हे मात्र प्रत्येक नवीन माणसाला सांगतो. पहिल्या आठवड्यातच, आणि सगळ्यांसमोर.

गेल्या वर्षी अप्रेझलच्या आधी मी एक फाईल उघडली. टीममध्ये कुणी काय शोधलं, कुणी कुणाची चूक पकडली, तारखेसकट लिहून ठेवतो आणि मॅनेजरला दर महिन्याला पाठवतो. मॅनेजर म्हणाला, "एवढं कशाला? मला कळतंच की."

म्हटलं, कळत असेल. तरी असू दे.